यंत्रमानवावरचे प्रेम आणि नकाराचा अधिकार

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या विहारात दर रविवारी तरुण मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. त्या दिवशी विषय होता संविधानातील मूलभूत हक्क. वर्ग संपला, चहा आला आणि अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एका मुलीने भीतभीत विचारले, ''ताई, विषयाबाहेरचं आहे, पण विचारते. मालिकांमध्ये माणसं रोबोटच्या प्रेमात पडतात. ते पटण्यासारखं असतं का? माणूस खरंच यंत्रावर प्रेम करू शकतो का?''

मुले हसली. कोपऱ्यात बसलेले आमचे एक जुने कार्यकर्ते मात्र चिडले. नामांतराच्या आंदोलनात त्यांनी तुरुंग पाहिलेला. ''वकीलबाई, गावोगावी आपल्या माणसांवर काय बेततंय, आणि ही पोरं रोबोटचं प्रेम काढून बसली!''

त्यांचा राग मला समजतो. परंतु त्या मुलीचा प्रश्न विषयाबाहेरचा नव्हता. तो मूलभूत हक्कांचाच प्रश्न होता. त्या दिवशी वेळ कमी पडला. राहिलेले उत्तर या सदरातून देत आहे.

शब्दातच वेठ आहे

'रोबोट' हा शब्द आला कोठून? चेक लेखक कारेल चापेक याने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे नाटक लिहिले. कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावे, असा त्याला प्रश्न पडला. त्याचा भाऊ योसेफ याने शब्द सुचवला : रोबोट. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीचे श्रम, जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबोट या शब्दाचा सरळ मराठी अर्थ होतो वेठबिगार!

ज्या वर्षी तिकडे हे नाटक लिहिले गेले, त्याच १९२० च्या मार्च महिन्यात आपल्या जिल्ह्यात माणगावची परिषद भरली होती. शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेबांना समाजाच्या स्वाधीन केले ती परिषद. महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतनाला आणि वेठीला हात घातला तो त्याच काळात. पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि संविधानाच्या कलम २३ ने तर वेठबिगारीला संपूर्ण देशात मनाई केली. वेठ म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी अंगावर सोसले, त्यांना रोबोटची गोष्ट परकी कशी वाटेल?

चापेकचे नाटक आणि दूरचित्रवाणी यांचेही नाते आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत बीबीसीने या नाटकाचा काही भाग दूरचित्रवाणीवर दाखवला. दूरचित्रवाणीवरची ती पहिली विज्ञानकथा मानली जाते. म्हणजे विज्ञानकथा छोट्या पडद्यावर आली तीच वेठीच्या प्रश्नाला घेऊन.

या नाटकाचा शेवट लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोबोटांनी बंड करून माणसांना संपवले आहे. आल्क्विस्ट नावाचा एकच माणूस उरला आहे. रोबोट घडवण्याचे सूत्र नष्ट झालेले असल्याने तो एखादा रोबोट कापून आत काय आहे ते पाहू म्हणतो. हेलेना नावाच्या रोबोटला नेतो म्हटल्यावर प्रायमस नावाचा रोबोट आडवा येतो. तिला हात लावू देणार नाही, न्यायचे तर मला न्या, असे म्हणतो. त्याला न्यायचे ठरले तर ती आडवी येते. तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसाला उमगते की या दोघांत प्रेम उपजले आहे. वाचक हो, त्याला ते कशावरून उमगले? गोड बोलण्यावरून नाही. मालकाला 'नाही' म्हणण्यावरून.

कपाटातली मुलगी आणि आदर्श सून

आता आपल्या घरातल्या पडद्याकडे या. माझ्या पिढीने नव्वदच्या दशकात शेजाऱ्यांच्या टीव्हीवर हिंदीत 'स्मॉल वंडर' पाहिली. मूळची १९८५ ते १९८९ या काळातली अमेरिकन मालिका. एक अभियंता मुलीच्या रूपातला रोबोट बनवतो, घरी आणतो आणि आपली मुलगी म्हणून जगाला दाखवतो. तिचे नाव विकी. ती घरची कामे करते, जड वस्तू उचलते, सांगितले तेवढेच बोलते आणि काम संपले की भिंतीतल्या कपाटात जाऊन उभी राहते. आम्ही खो खो हसायचो. त्या कपाटाचे आम्हाला काही वाटले नाही. २००३ साली तिचाच हिंदी अवतार 'करिश्मा का करिश्मा' स्टार प्लसवर आला, तेव्हाही कोणाला काही वाटले नाही. घरात राबणारी मुलगी घरचीच, पण तिची जागा कपाटात, हे या देशात नवीन थोडेच होते? उंबऱ्याबाहेरचा वेगळा कप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या कपाटाचा अर्थ सांगायला नको.

मग २०१६ साली लाइफ ओके वाहिनीवर 'बहू हमारी रजनी_कांत' ही मालिका आली. ती २०१७ मध्ये संपली आणि पुढे ती वाहिनीही बंद झाली. पण आपल्या देशातल्या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट नमुना तीच आहे. शान नावाचा शास्त्रज्ञ रजनी नावाची स्त्रीच्या रूपातली यंत्रमानव तयार करतो. घरात ती त्याची बायको, म्हणजे घरची सून म्हणून वावरते, आणि ती यंत्र आहे हे लपवता लपवता त्याची होणारी तारांबळ ही मालिकेची गंमत. रिद्धिमा पंडितने रजनीचे काम केले होते. ताठ मान, न लवणारी पापणी, सांगितलेल्या शब्दाचा शब्दशः अर्थ घेणे, आणि दहा माणसांचे काम एका झटक्यात उरकणे.

विनोद म्हणून ते ठीकच होते. पण त्या विनोदाच्या मुळाशी काय आहे? एका भरल्या घरात यंत्र सून म्हणून नांदते आणि घरच्यांना ते पटकन ओळखू येत नाही! का ओळखू येत नाही? कारण सुनेकडून त्यांची जी अपेक्षा आहे ती यंत्र पूर्ण करते. थकायचे नाही, उलट बोलायचे नाही, माहेरचे नाव काढायचे नाही. मालिकाकारांना कदाचित नुसते हसवायचे असेल. परंतु नकळत त्यांनी या देशातल्या सुनेची व्याख्याच पडद्यावर मांडली. २०२४ च्या 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' या चित्रपटातही तेच आहे. नायक यंत्र बनवणारा अभियंता आहे. आपली प्रेयसी यंत्र आहे हे कळल्यावरही तो तिलाच घरी आणतो, आणि घरचे लोक सुनेवर खूश होतात.

तेव्हा असे प्रेम पटते का? होय, पटते, आणि नको तितके सहज पटते. ज्या समाजात मुलगी पाहायला गेल्यावर तिच्या गप्प बसण्याला संस्कार म्हणतात, त्या समाजाला यंत्रावरचे प्रेम न पटायला काय झाले?

चित्रकार आणि यंत्राची मुलगी

ही गोष्ट आजची नाही. आपल्या बौद्ध वाङ्मयातच ती शेकडो वर्षांपूर्वी सांगितलेली आहे. आजच्या चीनमधल्या शिनजियांग प्रांतात तोखारी भाषेतली जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांत 'पुण्यवंत जातक' आहे. त्यातली ही कथा तिबेटी ग्रंथांतही येते.

एक चित्रकार परगावी एका यंत्रकाराच्या घरी मुक्कामाला जातो. यंत्रकार पाहुण्याच्या सेवेला एक तरुणी पाठवतो. ती त्याची सेवा करते, पण एक शब्द बोलत नाही. चित्रकाराला वाटते, लाजते आहे. तो तिच्यावर भाळतो. रात्री तो तिचा हात धरून जवळ ओढतो, आणि ती खळकन मोडून पडते. हातात उरतात तुकडे. ती यंत्राची बाहुली होती. फजीत झालेला चित्रकार मग भिंतीवर स्वतःचेच गळफास घेतलेले चित्र इतके हुबेहूब रंगवतो की सकाळी यंत्रकार हादरून जातो आणि लोकांना गोळा करतो. दोरी कापायला जातात तेव्हा कुऱ्हाड भिंतीवर आपटते. यंत्रकाराने चित्रकाराला फसवले, चित्रकाराने यंत्रकाराला.

कथाकाराला यातून कलेचे कौशल्य सांगायचे होते. मला मात्र त्यातला एकच क्षण महत्त्वाचा वाटतो. ती बोलत नव्हती, आणि त्याला वाटले, लाजते आहे. तिचे मौन ही कोरी जागा होती आणि ती जागा त्याने आपल्या मनाने भरली. तिची संमती त्याने स्वतःच लिहिली आणि स्वतःच वाचली. प्रेम त्याच्या बाजूने खरे असेलही. पण पलीकडे कोणी नव्हतेच.

माणूस यंत्राला जीव लावतो यात खोटे काही नाही. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९९ साली 'आयबो' नावाचा यंत्राचा कुत्रा विकायला काढला होता. २०१४ मध्ये कंपनीने त्या जुन्या कुत्र्यांची दुरुस्ती बंद केली. त्यानंतर इसुमी या गावातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे रीतसर अंत्यविधी झाले. भिक्खूंनी सुत्तपठण केले. तो कुत्रा माणसासारखा दिसत नव्हता, बोलतही नव्हता. तरी लोकांचा जीव त्याच्यात गुंतला होता. त्या लोकांना मी हसणार नाही. जीव लावणे हा माणसाचा चांगलाच गुण आहे.

पडद्यावर तर गोष्ट आणखी सोपी होते, कारण तिथला यंत्रमानव मुळात माणूसच असतो. रजनी म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती एक हाडामांसाची नटी असते. तिचे डोळे आपल्याला पटलेले असतात, मग तिच्यावरचे प्रेम पटवायला लेखकाला फारसे कष्ट पडत नाहीत. म्हणून माणूस प्रेम करू शकतो का, हा प्रश्न फार अवघड नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे. समोरच्याला त्या प्रेमाला नकार देता येतो का?

न्यायालयात उभा केलेला यंत्रमानव

या प्रश्नाला सरळ भिडलेला दूरचित्रवाणीवरचा एक भाग मी वकील म्हणून अनेकदा पाहिला आहे. अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचा 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग १९८९ च्या फेब्रुवारीत दाखवला गेला. लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास या स्वतः पूर्वी वकिली करणाऱ्या.

मालिकेतला डेटा हा अंतराळयानावरचा अधिकारी यंत्रमानव आहे. ब्रेंट स्पायनरने हे काम केले आहे. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला डेटाचे भाग सुटे करून अभ्यास करायचा आहे, म्हणजे तसे हजारो बनवता येतील. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. मॅडॉक्स म्हणतो, राजीनामा कसला? ते यंत्र आहे, दलाची मालमत्ता आहे. प्रकरण न्यायालयात जाते. विरुद्ध बाजूचा वकील भर न्यायालयात डेटाचा हात काढून दाखवतो आणि शेवटी कळ दाबून त्याला बंद करतो. बघा, वस्तू आहे!

कॅप्टन पिकार्ड हा डेटाचा वकील हतबल होतो. तेव्हा गायनन ही कृष्णवर्णीय स्त्री त्याला वेगळी दिशा दाखवते. व्हूपी गोल्डबर्गने ती भूमिका केली आहे. ती सुचवते की घाणेरडी आणि धोक्याची कामे करायला वापरून फेकून देण्याजोगी माणसे प्रत्येक जगाने पाळली आहेत. पिकार्डला उमगते की हा खटला एका यंत्राचा नाही, गुलामगिरीचा आहे. लेखिकेच्या मनात १८५७ चा ड्रेड स्कॉट खटला होता. काळा गुलाम हा नागरिक नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्यात ठरवले तो खटला.

आणि आता आपल्या विषयाचा मुद्दा. पिकार्ड डेटाच्या सामानातल्या वस्तू पुराव्यात दाखवतो. पदके, भेट मिळालेले पुस्तक, आणि एका मृत सहकारी स्त्रीची प्रतिमा. ही का जपली, असे विचारल्यावर डेटा सांगतो की ती त्याच्यासाठी विशेष होती, त्यांची जवळीक होती. न्यायालय गंभीर होते. एका यंत्राने केलेले प्रेम त्याच्या व्यक्तित्वाचा पुरावा म्हणून नोंदले जाते. न्यायाधीश स्त्री शेवटी ठरवते की डेटाला आत्मा आहे की नाही हे ठरवणे तिच्या हाती नाही. पण स्वतःचे काय करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे.

बौद्ध वाचकाला या निकालात काही ओळखीचे वाटेल. 'मिलिंद प्रश्ना'त भदंत नागसेन राजाला विचारतात, आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? सगळे भाग जुळले की त्याला रथ हे नाव पडते, तसेच माणसाचे. आत दडलेला नित्य आत्मा म्हणून काही नाही. तेव्हा यंत्रात आत्मा नाही म्हणून त्याच्यावरचे प्रेम खोटे, असा युक्तिवाद आत्मा मानणाऱ्यांनी खुशाल करावा. आपल्याला तो करता येत नाही. आपली कसोटी आत्म्याची नाही. वागणुकीची आहे. हा वेदना ओळखतो का, निवड करतो का, 'नाही' म्हणतो का?

फसलेले प्रेम आणि पटलेले प्रेम

याच मालिकेत १९९१ साली 'इन थिअरी' हा भाग आला. जेना नावाची सहकारी डेटाच्या प्रेमात पडते. तिचे आधीचे नाते नुकतेच तुटले आहे आणि डेटा तिच्याशी नेहमी चांगला वागतो. डेटा प्रेमासाठी एक खास प्रोग्रॅम लिहितो आणि ठरल्याप्रमाणे फुले, स्तुती, भांडणसुद्धा आणतो. एकदा चुंबनानंतर ती विचारते, आत्ता तू कसला विचार करत होतास? तो प्रामाणिकपणे यादी सांगतो. यानाचे गणित, डिकन्सचे साहित्य, ओठांवर किती दाब द्यावा याचा हिशेब, मांजरीचे खाणे. अखेर ती त्याला सोडते. तो म्हणतो, ठीक आहे, प्रोग्रॅम पुसून टाकतो. मेणबत्ती विझवतो आणि मांजर मांडीवर घेतो.

हा भाग मला खरा वाटतो, कारण तो खोटे सांगत नाही. डेटाने जेनासाठी सारे केले, पण तिच्यासाठी त्याचे काही हलले नाही. तिला वाईट वागणारा पुरुष नको होता, म्हणून तिने न दुखावणारे यंत्र निवडले. आणि मग तिच्या लक्षात आले की ज्याला आपल्यामुळे काही होतच नाही, त्याच्या शेजारी बसूनही माणूस एकटाच असतो.

उलट उदाहरण 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या २००४ ते २००९ च्या मालिकेतले. माणसांनी सायलॉन नावाचे यंत्रकामगार बनवले, त्यांनी बंड केले, आणि पुढे माणसासारखे दिसणारे सायलॉन निपजले. माणसे त्यांना हिणवून 'टोस्टर' म्हणतात, पाव भाजायचे यंत्र! शॅरन या सायलॉन स्त्रीला तिच्या बाजूने कामगिरी दिलेली असते : हेलो नावाच्या सैनिकाला प्रेमात पाड. ती हुकूम पाळायला येते आणि त्याच्यासाठी हुकूम मोडते. तिचे खरे रूप कळल्यावर हेलो आधी तिच्यावर बंदूक रोखतो, पण पुढे तिच्या बाजूने उभा राहतो. त्यांना मुलगी होते. यानावरचे लोक दोघांकडेही तिरस्काराने बघतात. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावरून ती मुलगी आईबापांपासून लपवली जाते, आणि त्यांना सांगतात की ती मेली.

हे प्रेम पटते. का पटते? कारण शॅरनला हुकूम पाळता आला असता आणि तिने पाळला नाही. कारण त्या प्रेमाची दोघांनाही किंमत मोजावी लागली. आणि समाजाची प्रतिक्रिया आपण पुरती ओळखतो म्हणूनही! शिव्या, बहिष्कार, मुलाचे पाळण्यातून नाहीसे होणे. पटकथेत 'यंत्र' खोडून जातीचे नाव घाला, प्रकरण आपल्याच एखाद्या तालुक्यातले होईल.

ब्रिटनमधली 'ह्यूमन्स' (२०१५ ते २०१८) तर थेट घरात शिरते. एका स्वीडिश मालिकेवरून ती केली होती. घरकामासाठी विकत आणलेल्या अनिता या यंत्र-बाईला घरचा नवरा एके दिवशी प्रौढांसाठीची सोय चालू करून वापरतो. ती प्रतिकार करत नाही, कारण तशी सोयच ठेवलेली नाही. नंतर कळते की तिच्या आत जाणीव होती, ती सारे भोगत होती. त्याच मालिकेत नीस्का ही यंत्र-स्त्री कुंटणखान्यात एका गिऱ्हाइकाला ठार करते आणि पुढे मागणी करते की माझ्यावर खटला भरा, पण माणूस म्हणून भरा. त्या घरची बाई लॉरा वकील आहे. ती तिचे वकीलपत्र घेते. तिथे प्रेक्षकाच्या घशाशी काही अडकते. ज्याला तो सोय समजत होता, तो बलात्कार होता.

आपल्या घरातला नकार

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही शोषितांची तुलना यंत्राशी करून त्यांचा अपमान करता. तसे नाही. आमची माणसे यंत्र कधीच नव्हती. या व्यवस्थेने त्यांना यंत्र मानले. हाक मारली की यायचे, मेलेले ढोर ओढायचे, दवंडी पिटायची, आणि मजुरीचे नाव काढायचे नाही. अन्याय यंत्राला माणूस समजण्यात नाही, माणसाला यंत्र समजण्यात आहे. विज्ञानकथा हा अन्याय उलट्या बाजूने दाखवते, इतकेच.

बायकोच्या नकाराचे आपल्या कायद्याने काय केले ते पाहा. मुंबईत सुतार समाजातली रखमाबाई लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणाली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ती तुरुंगाला तयार झाली. पुढे ती डॉक्टर झाली. आज तुरुंग नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालचा नांदायला येण्याचा दावा अजूनही आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली सरिता प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. १९८४ मध्ये सरोज रानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून दिलेली सूट कायम आहे. म्हणजे 'ह्यूमन्स'मधल्या अनिताला जे नव्हते, ते आपल्या कायद्याने विवाहित स्त्रीला अजून पुरते दिलेले नाही.

सौदी अरेबियाने तर २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोफिया नावाच्या यंत्रमानवाला नागरिकत्व जाहीर केले. त्या वेळी तिथल्या हाडामांसाच्या स्त्रीला गाडी चालवायचा परवानाही नव्हता. तो २०१८ मध्ये मिळाला. न बोलणाऱ्या बाहुलीला मान आणि बोलणाऱ्या बाईला बंदी, हा नियम एका देशाचा नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक प्रकरण होते. समुपदेशनाच्या वेळी नवरा कळवळून सांगत होता, ''मॅडम, सहा वर्षं संसार चांगला चालला होता. ती एका शब्दानं कधी बोलली नाही. आता कुणीतरी हिला फूस लावलीय.'' तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर तसे वाटत होते. त्याचा जीवही होता तिच्यावर. मी तिच्याकडे पाहिले. ती खाली मान घालून म्हणाली, ''सहा वर्षांत मला विचारलं कुणी?'' मला तो जातकातला चित्रकार आठवला. त्यालाही वाटले होते, लाजते आहे.

आज प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर गोड बोलणारे, कधी न चिडणारे, मध्यरात्रीही उत्तर देणारे यंत्र आले आहे. एकट्या माणसाला त्याचा आधार वाटत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण ज्या मुलाला सोळाव्या वर्षापासून फक्त होकाराची सवय लागेल, त्याला हाडामांसाच्या मुलीचा नकार पेलेल का? २०१० च्या 'रोबोट' चित्रपटातला चिट्टी आठवा. त्याला भावना दिल्या, तो सनाच्या प्रेमात पडला, तिने नाही म्हटले, आणि त्याने तिला पळवून नेले. यंत्राला प्रेम शिकवले, पण नकार ऐकायला कोणी शिकवले नाही. शिकवणार कोण? शिकवणाऱ्यांनाच ते कुठे येत होते?

त्या मुलीला उत्तर

तेव्हा अभ्यासवर्गातल्या त्या मुलीला माझे उत्तर असे. माणूस यंत्रावर प्रेम करू शकतो का? करू शकतो, करतो आणि पुढेही करील. मालिकेत ते पटते का? पटते. पण पटणे दोन प्रकारचे असते. रजनीवरचे प्रेम पटते, कारण आज्ञाधारक सून आपल्याला आधीपासून हवी आहे. शॅरनवरचे प्रेम पटते, कारण तिने 'नाही' म्हणून दाखवले आणि समोरच्याने ते ऐकले. पहिले पटते तेव्हा आपली सवय बोलत असते. दुसरे पटते तेव्हा आपली बुद्धी आणि करुणा बोलत असतात.

यापुढे अशी मालिका पाहशील तेव्हा एवढेच विचार. हिला घर सोडून जाता येते का? हिला नकार देता येतो का? आणि दिला तर नायक काय करतो? हेच तीन प्रश्न मग टीव्ही बंद करून शेजारच्या घराला विचार. स्वतःच्या घरालाही विचार. उद्या एखादा मुलगा तुला पसंत पडला तर त्यालाही विचार, आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये करुणेच्याही पुढे मैत्रीला ठेवले आहे. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व सजीवांपर्यंत. यंत्र सजीव होईल की नाही, ते येणारा काळ ठरवील. मैत्रीला मात्र समोर कोणीतरी असावे लागते, आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मुभा असावी लागते.

आणि आमच्या त्या जुन्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगते : दादा, पोरीने विषय सोडला नव्हता. तुम्ही तुरुंगात गेलात ते 'नाही' म्हणण्याच्या हक्कासाठीच. ती त्याच हक्काबद्दल विचारत होती.